यूपीआय लाइट: कर्ज फेडताना वापरायचं छोटं पाकीट कितपत कामाचं?

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला लागू पडत नाही. समजा, कार्डावर ६०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के आहे. व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्ष भार ४.१३ टक्क्यांचा. पहिल्याच महिन्यात २,१०० रुपये व्याज आणि ३७८ रुपये कर, असे २,४७८ रुपये उडतात. दरमहा ३,००० भरणाऱ्याचं मुद्दल त्या महिन्यात जेमतेम ५२२ रुपयांनी उतरतं. कार्ड कोरं व्हायला ४४ हप्ते लागतात आणि एकूण भरणा १,३०,००० च्या आसपास जातो. तेच दरमहा ४,००० भरले तर २४ हप्त्यांत सुटका आणि एकूण सुमारे ९५,५००. सहा हजार भरले तर १४ हप्ते आणि ७९,०००. हा सगळा हिशोब कार्डावर नवी खरेदी शून्य धरून केलेला आहे. नवी खरेदी झाली तर यातला एकही आकडा खरा राहत नाही.

तीन हजारांवरून चार हजारांवर जायला रोजचे ३३ रुपये लागतात, आणि त्या ३३ रुपयांमुळे २० महिने आणि ३४,००० रुपये वाचतात. प्रश्न एवढाच उरतो, की हे ३३ रुपये अडवायचे कुठे? पगारातले हप्ते, भाडं, फी ठरलेली असतात. सुटतं ते चहा, नाश्ता, रिक्षा, 'येता येता घेतलेलं' सामान यात, आणि हे सगळं आता क्यूआर कोडवर जातं. म्हणून इथे यूपीआय लाइटचं, म्हणजे छोट्या रकमा पिनविना देण्यासाठी यूपीआय अॅपमध्येच असलेल्या पाकिटाचं, परीक्षण केलं आहे ते एकाच नजरेने: कर्ज फेडणाऱ्याला खर्चाला वेसण घालायला ते उपयोगी आहे का?

थोडक्यात उत्तर: आहे, पण जसं मिळतं तसं वापरलं तर उलटं काम करतं.

यूपीआय लाइट एनपीसीआयने (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने) सप्टेंबर २०२२ मध्ये आणलं. तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपये आणि पाकिटात जास्तीत जास्त २,००० अशी मर्यादा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यवहाराची मर्यादा ५०० झाली आणि २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने ती १,००० वर नेली, पाकिटाची ५,००० वर. बँक खात्यातून पाकिटात पैसे भरताना पिन लागतो, पाकिटातून देताना लागत नाही. शिलकीवर व्याज मिळत नाही. भीम, फोनपे, गुगल पे, पेटीएम या सगळ्यांत ही सोय आहे, पण एका अॅपमध्ये भरलेलं लाइट दुसऱ्या अॅपमध्ये दिसत नाही, कारण ही शिल्लक त्या अॅपपुरती, त्या फोनपुरती असते.

हे पाकीट काटकसरीसाठी बनवलेलंच नाही. बँकांच्या यंत्रणेवरचा छोट्या व्यवहारांचा भार कमी व्हावा आणि लोकांचा पिन टाकण्याचा वेळ वाचावा, हा त्याचा हेतू. म्हणजे पैसे देणं आणखी सोपं करणारी वस्तू. पिन टाकताना दोन सेकंद हात थबकतो, तेही इथे नाही. मग कर्जबाजारी माणसाने याच्या वाटेला का जावं? कारण नेहमीच्या यूपीआयमध्ये नसलेली एक गोष्ट यात आहे, ती म्हणजे पाकिटाचा तळ. नेहमीच्या यूपीआयच्या मागे अख्खं बचत खातं उभं असतं. पगार झाल्यावर त्यात चाळीस हजार दिसतात आणि चहाचे वीस रुपये त्यापुढे काहीच वाटत नाहीत. लाइटमध्ये गुरुवारी संध्याकाळी २६० रुपये दिसत असतील तर रिक्षा की बस, हा विचार आपोआप होतो. पूर्वी पाकिटातल्या नोटा मोजून माणूस हेच करायचा.

हा तळ टिकवण्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात, आणि त्यातली एकही अॅप आपणहून सुचवत नाही.

पहिली, ऑटो टॉप-अप बंद. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून ही सोय आली आहे: शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की खात्यातून आपोआप पुन्हा भरणा. लाइट सुरू करतानाच अॅप ती पुढे करतं आणि घाईत होकार दिला जातो. ही सोय चालू असेल तर पाकिटाला तळच उरत नाही आणि सगळी कसरत वाया. लाइटच्या पानावर जाऊन ती बंद आहे ना, हे स्वतः पाहा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लाइटमध्ये पुरेसे पैसे नसतील तर अॅप व्यवहार अडवत नाही. ते निमूटपणे जोडलेलं बँक खातं पुढे करतं, पिन मागतं आणि पैसे जातात. ही सगळ्यात मोठी गळती आहे. बहुतेकांचा प्रयोग दुसऱ्या आठवड्यात इथेच फसतो आणि दोष मात्र स्वतःच्या मनोनिग्रहाला दिला जातो. मनोनिग्रहाचा इथे संबंध नाही, जोडणी चुकलेली असते. उपाय असा: पगाराचं खातं यूपीआय अॅपमधून काढून टाका आणि दुसरं, खर्चापुरतं बचत खातं जोडा. किमान शिलकीची अट नसलेलं खातं निवडा. स्टेट बँकेने किमान शिलकीची अट २०२० मध्येच काढली आहे. बेसिक बचत ठेव खातं हा पर्याय सगळ्या बँकांत आहे, पण त्याच बँकेत आपलं आधीचं बचत खातं असेल तर ते ३० दिवसांत बंद करावं लागतं, म्हणून ते दुसऱ्या बँकेत उघडलेलं बरं. पगाराच्या खात्यातून या खात्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम जाईल अशी स्थायी सूचना नेट बँकिंगमध्ये देता येते. ती आली की लाइटमध्ये भरायची. मागचं खातं रिकामं, म्हणजे अॅपने ते पुढे केलं तरी निघणार काय?

सिलिंडर, वीजबिल, शाळेची फी, महिन्याचा किराणा असे मोठे आणि ठरलेले खर्च पगाराच्या खात्यातूनच, नेट बँकिंगने किंवा डेबिट कार्डाने करा. ते लाइटमध्ये आणू नका. लाइट फक्त हातखर्चाला.

तिसरी गोष्ट: यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड आणि 'पे लेटर' (आत्ता घ्या, पैसे नंतर द्या अशी उधारी) काढून टाका. टपरीवर क्यूआर स्कॅन केल्यावर खाली खात्यांची यादी येते, त्यात थकबाकी असलेलंच कार्ड पर्याय म्हणून दिसणं म्हणजे उपवासाच्या दिवशी समोर भज्यांची परात. शिवाय कार्डावर मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या वीस रुपयांच्या चहावर पहिल्या दिवसापासून व्याज धावतं.

आता आठवड्याला किती भरायचे? इथे अंदाज चालत नाही. तीन महिन्यांचं बँक विवरण काढा आणि १,००० रुपयांखालच्या सगळ्या यूपीआय नोंदींची बेरीज करा. तीन महिन्यांत १३ आठवडे असतात, त्या बेरजेला १३ ने भागा. समजा २,७५० आले. पहिल्या फटक्यात १,२०० वर उडी मारणारे तिसऱ्या आठवड्यात हात टेकतात. २,४०० ने सुरुवात करा, मग दर पंधरा दिवसांनी दीडशे-दोनशे कमी करत जा. कुठेतरी एक आकडा असा येतो की त्याखाली गेलं की ऑफिसच्या सहकाऱ्याकडून उसने घ्यावे लागतात. तो आपला खरा तळ. त्याच्या शंभर रुपये वर थांबा.

एक हिशोबाची चूक जवळजवळ सगळे करतात. महिन्याला चार आठवडे धरतात. महिन्यात सरासरी ४.३३ आठवडे असतात. आठवड्याला १,७५० ठरवले तर महिन्याला ७,००० नाही, सुमारे ७,५८० लागतात. वर्षातले चार-पाच महिने पाच सोमवारांचे असतात आणि नेमक्या त्या महिन्यात कार्डाचा जादा भरणा चुकतो. म्हणून कार्डाला किती द्यायचे हे ठरवताना ४.३३ नेच गुणा.

भरण्याचा वार सोमवारच का? शुक्रवारी किंवा शनिवारी भरलं तर रविवारच्या फिरण्यात अर्धं पाकीट रिकामं होतं आणि आठवडा उसनवारीवर काढावा लागतो. सोमवारी भरलं की शनिवार-रविवार उरलेल्या पैशांत भागवावा लागतो. सुटीच्या दिवशी चणचण जाणवली तर घरी पोहे होतात. कामाच्या दिवशी जाणवली तर लोकलचं तिकीट अडतं.

त्रुटींबद्दल आता सविस्तर, कारण त्या बऱ्याच आहेत.

पासबुकात लाइटचे सुटे व्यवहार दिसत नाहीत. तिथे फक्त 'लाइटमध्ये भरले' अशी एक नोंद येते. कर्ज फेडणाऱ्याला हा तोटाच आहे, कारण पैसे कुठे गेले हे कळण्यासाठी अॅपचा इतिहास उघडावा लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी दुकानांच्या नावांनी भरलेला असतो, कशासाठी दिले ते त्यात नसतं. रविवारी रात्री दहा मिनिटं काढून त्या यादीवरून तीनच बेरजा वहीत मांडा: खाणंपिणं, प्रवास, इतर. तीनपेक्षा जास्त कप्पे केले की महिन्याभरात वही बंद पडते.

लाइटमधून दिलेले पैसे परत आले, तर ते लाइटमध्ये येत नाहीत, बँक खात्यात जमा होतात. ऑर्डर रद्द झाली, दुकानदाराने परतावा दिला, की पाकीट रिकामं आणि खात्यात पैसे पडलेले. वर्गणीच्या जेवणातही हेच होतं. चौघांचे ८०० रुपये आपण लाइटमधून दिले, तिघांनी प्रत्येकी २०० परत पाठवले, तर ते ६०० खात्यात जातात. लाइट सांगतं आठशे गेले, खरा खर्च दोनशेचा. अशा वेळी तेवढेच ६०० पुन्हा लाइटमध्ये भरा, एक रुपया जास्त नाही. हा अपवाद सोडून आठवड्याच्या मध्ये भरणा नाही.

क्विक कॉमर्सपुढे लाइट अगदीच दुबळं पडतं. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या अॅपवरच्या दोनशे ते चारशेच्या ऑर्डरी नेमक्या लाइटच्या मर्यादेत बसतात, आणि पिनही लागत नाही. एका दाबात काम होतं. कोथिंबिरीची जुडी आणि दही हवं असतं. 'एवढ्यावर डिलिव्हरी मोफत' गाठण्यासाठी टोपलीत चिप्स आणि बिस्किटं पडतात, वर हाताळणी शुल्क वेगळं. त्या अॅपमध्ये जतन केलेली सगळी पैसे देण्याची साधनं काढा आणि रोख देण्याचा पर्याय ठेवा. सुटे पैसे शोधायचे म्हटलं की निम्म्या ऑर्डरी टोपलीतच राहतात. जेवण मागवायच्या अॅपलाही तीच गत. तिथे पदार्थाची किंमत हॉटेलच्या पाटीवरच्या किमतीपेक्षा बऱ्याचदा जास्त लावलेली असते. त्यावर डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी. तेच जेवण येताना पार्सल आणलं तर किती पडतं, हे एकदा बिलं शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

ऑटोपेला लाइट हातही लावत नाही. ओटीटी, गाण्याचं अॅप, फोनमधली जादा साठवण, जिमची वर्गणी, हे सगळं कार्डावरून किंवा खात्यावरून आपोआप कापलं जातं. यूपीआय अॅपमध्ये 'ऑटोपे' असा वेगळा विभाग असतो, तिथे चालू असलेले सगळे आदेश दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. कार्डावर दिलेले आदेश मात्र कार्डाच्या अॅपमध्ये किंवा बँकेच्या संकेतस्थळावर पाहावे लागतात. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. वार्षिक वर्गण्या इथे घात करतात, कारण महिन्याच्या हिशोबात त्या कुठेच नसतात आणि अकरा महिन्यांनी अचानक दीड हजार जातात. तो संदेश आला की लगेच निर्णय घ्या.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर फोन उघडा सापडला की लाइटमधले पैसे पिनविना जाऊ शकतात. नुकसान पाकिटात असेल तेवढंच. आठवड्याची रक्कमच दोन हजारांच्या आत असेल तर हा धोका खिशातल्या नोटांएवढा. अॅपला वेगळं कुलूप लावा.

दुसरे पर्याय? रोख पाकिटांची जुनी पद्धत, म्हणजे भाजी, प्रवास, चहा अशी वेगवेगळी पाकिटं करून त्यात नोटा ठेवणं, शिस्तीच्या दृष्टीने लाइटपेक्षा सरसच आहे. पैसा हातातून जाताना दिसतो. अडचण सुट्ट्यांची. रिक्षावाला आणि भाजीवाला आता सुट्टे ठेवत नाहीत, मग 'ऑनलाइन करा ना' म्हणतात आणि पाकीट बाजूला पडतं. एसएमएस वाचून खर्चाची वर्गवारी करणारी अॅप छान आलेख काढून देतात, पण खर्च होऊन गेल्यावर. आणि त्यातली काही कर्जंही विकतात, हे विसरू नका. कर्ज फेडायला घेतलेल्या अॅपवर 'तुम्हाला ५०,००० मंजूर' अशी पाटी झळकणं हा विनोद महागात पडतो.

वाचवलेला पैसा कार्डात कसा जातो, यावर सगळं अवलंबून आहे. तो खात्यात पडून राहिला तर महिनाअखेर कशात तरी जातो. थकबाकीवरचं व्याज रोजच्या शिलकीवर लागतं, म्हणून देय तारखेची वाट पाहायचं कारण नाही. १,००० रुपये एक दिवस आधी भरले की वरच्या दराने १ रुपया ३८ पैसे वाचतात. सोमवारी लाइटमध्ये १,७५० भरले, की त्याच बैठकीत आधीच्या २,७५० मधले वाचलेले १,००० कार्डात. दोन्ही कामं एकाच वेळी करा, मागेपुढे नको. भरणा जमा व्हायला एखाद-दोन दिवस लागू शकतात. 'किमान देय' रकमेला मात्र ऑटोपे लावून ठेवा, म्हणजे विसरलात तरी उशिराचा दंड बसणार नाही. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय हा दंड आकारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नका.

याच सुमारास दोन जुन्या सवयी तपासा. आवर्ती ठेव चालू असेल आणि तिकडे सहा-सात टक्के मिळत असतील, तर इकडे वर्षाला जवळजवळ पन्नास टक्के जात आहेत. ती ठेव मोडून कार्डात भरणं हा साधा अंकगणिताचा निर्णय आहे, मुदतपूर्व मोडण्याचा दंड धरूनही. एक महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम तेवढी बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला पुन्हा कार्ड बाहेर येतं. भिशीत असाल तर पाळी लवकर मिळते का पाहा. शेवटची पाळी घेणारा सगळ्यांना बिनव्याजी कर्ज देत असतो, आणि स्वतःच कर्जात असलेल्याने हा मोठेपणा करू नये.

कर्ज कार्डाचं नसून गृहकर्जाचं असेल तर या सगळ्या खटाटोपाचं फळ खूपच हळू दिसतं. तिथे दर कार्डाच्या मानाने फारच कमी, त्यामुळे वाचलेल्या हजाराचं वजनही तितकंच कमी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याचं शुल्क वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही, फक्त अंशतः भरणा करताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं लेखी सांगा, नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात. ठरावीक दराच्या वैयक्तिक कर्जावर मात्र मुदतपूर्व शुल्क असू शकतं. करारातला तो आकडा वाचल्याशिवाय जादा पैसे भरू नका. दोन्ही कर्जं असतील तर आधी कार्ड, यात दुमत नको.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. ऑटो टॉप-अप बंद आणि मागचं खातं रिकामं असेल तरच. पगाराच्या खात्याला जोडून वापरायचं असेल तर दीड. घरात दोघं मिळून एकाच पैशातून हातखर्च करत असतील तर आणखी अर्धा गुण वजा, कारण लाइट एका फोनपुरतं आहे. दोघांना दोन पाकिटं करून रक्कम वाटून घ्यावी लागते आणि भाजी कोणी आणायची यावरून बुधवारी वाद होतो. आठवड्यातून एकदाच भरता येईल असं कुलूप कोणतंही अॅप देत नाही. ते आलं तर साडेचार.

फोन बदलायचा असेल, फॅक्टरी रीसेट करायचा असेल किंवा अॅप काढून टाकायचं असेल, तर आधी लाइट बंद करा, म्हणजे शिल्लक खात्यात परत येते. लाइट चालू ठेवूनच अॅप काढलंत तर त्या पैशांसाठी बँकेच्या मागे लागावं लागतं. हल्ली लाइट बंद न करताही शिल्लक खात्यात परत घेता येते, पण कार्ड फेडत असताना ते बटण वापरायचा एकच दिवस: रविवार रात्र, उरलेले साठ-सत्तर रुपये कार्डात भरण्यासाठी.